२०१ मीटरच्या ड्रॅग स्ट्रिपच्या कामाच्या नोंदी

ड्रॅग स्ट्रिप म्हणजे दोन गाड्यांची सरळ रेषेतली शर्यत जिथे होते तो रस्ता. कोणी अशी स्ट्रिप बांधायला निघालं असेल तर उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या आहेत. रकमा मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. जमीन, सिमेंट आणि मजुरीचे दर जागोजागी वेगळे असतात, माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. त्याऐवजी आमचं पहिलं अंदाजपत्रक १०० भाग धरलं आहे आणि खर्च त्या भागांत दिला आहे. दिवस मोजायला सुरुवात तिघांनी पैसे एकत्र ठेवले त्या दिवसापासून.

दिवस १

तिघं भागीदार. मी, टायमिंगचं वेड असलेला धाकटा, आणि अण्णा. अण्णांनी आयुष्यभर रस्त्यांची कामं केली आहेत, आम्ही दोघांनी फक्त गाड्या पळवल्या आहेत. ठरलं ते असं: पाव मैलाची, म्हणजे १,३२० फुटांची किंवा ४०२ मीटरची, दोन लेनची स्ट्रिप. मुदत ८ महिने. अंदाजपत्रकात रस्ता आणि काँक्रीट ३४, माती आणि भराव १८, भिंती १४, टायमिंग ८. अडीअडचणीसाठी २ भाग. हे २ वाचून अण्णा नुसते हसले.

जुनी धावपट्टी मिळते का ते आधी बघितलं. या खेळाची सुरुवातच तशी झाली आहे. कॅलिफोर्नियात सांता आना इथे १९५० मध्ये विमानतळाच्याच जागेत स्ट्रिप चालू झाली, इंग्लंडची सांता पॉड १९६६ मध्ये महायुद्धातल्या विमानतळावर. आम्हाला मात्र धावपट्टी कोणी दिली नाही. तीन आठवडे पत्रं लिहिण्यात गेले.

दिवस २४

जमीन मिळाली. कागदावर लांबी १,०४० मीटर. टेप आणि लेव्हल घेऊन चाललो तर शेवटच्या टोकाला उच्च दाबाची वीजवाहिनी, तिच्या खाली काही बांधायचं नाही, आणि त्याच्या अलीकडे एक ओढा. सरळ वापरता येईल अशी लांबी ८६० मीटर. करार करण्याआधी आम्ही ही जागा दोनदा बघितली होती, दोन्ही वेळा गाडीत बसून. पायी चाललो असतो तर तारा दिसल्या असत्या.

जमीन निवडताना एकच गोष्ट बरोबर केली होती. स्ट्रिप दक्षिणोत्तर बसते, त्यामुळे संध्याकाळी चालकाच्या डोळ्यांवर सूर्य येत नाही. या शहाणपणाची किंमत पुढे वेगळ्याच ठिकाणी मोजली, ते दिवस ३३१ ला.

दिवस २९

भांडण झालं. विषय एकच: पाव मैल ठेवायचा की सोडायचा.

८६० पैकी १२० मीटर स्टार्टच्या मागे लागतात. गाड्यांची रांग, पाण्याची जागा, बर्नआउट, म्हणजे टायर जागेवर फिरवून तापवणं. उरले ७४०. त्यातून ४०२ गेले की थांबायला ३३८. धाकटा म्हणाला, पुरतील. अण्णांनी वहीचं पान उलटलं आणि हिशोब मांडला. ताशी १६० किलोमीटरने रेषा ओलांडलेली गाडी, ब्रेक ठीक लागले तर, सुमारे १७० मीटरमध्ये थांबते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर आणखी ६७. आता वेग २४० करा. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचं अंतर सव्वादोन पट होतं, साधारण ३८०. वर भानावर येण्याचे १००. म्हणजे ४८०, आणि हे ब्रेक तापून बसले नाहीत असं धरून.

"अरे, गाडी पळवायला जागा कमी पडली तर लोक हसतील," अण्णा म्हणाले. "थांबवायला कमी पडली तर?"

धाकट्याला हे पटवायला आणखी एक गोष्ट कामी आली. अमेरिकेत २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या चालकाचा पात्रता फेरीत मृत्यू झाला आणि त्यानंतर एनएचआरए या तिथल्या संस्थेने आपल्या सर्वांत वेगवान दोन वर्गांची शर्यत १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणली. ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांनी अंतर कापलं, आपण कोण?

ठरलं. एक अष्टमांश मैल, २०१ मीटर. थांबायला ५३९ मीटर, त्यातले शेवटचे ६० वाळूचा सापळा आणि जाळं. अंदाजपत्रक कमी होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. कमी झाला तो फक्त मधला डांबराचा भाग, आणि तोच सगळ्यांत स्वस्त होता.

दिवस ५१

परवानग्या. यावर फार लिहीत नाही, प्रत्येकाच्या नशिबात वेगळे टेबल असतात. एकच सांगतो: आमचा अर्ज एका कार्यालयात २६ दिवस पडून होता, कारण नकाशावर स्वच्छतागृहं दाखवली नव्हती. कोणी कळवलंही नाही. दर चार दिवसांनी स्वतः जाऊन विचारायचं, हा नियम त्या दिवशी केला.

दिवस ६३

आवाज. सगळ्यांत जवळचं घर ६०० मीटरवर. आम्ही त्यांना सांगायला गेलो नव्हतो, त्यांना बाहेरून कळलं, आणि ते स्वाभाविकच चिडले. आधी जाऊन बसलो असतो तर दोन महिने वाचले असते.

आज त्यांच्या अंगणात ध्वनिमापक ठेवला आणि आमच्या जागेवर एक उघड्या एक्झॉस्टची गाडी पूर्ण रेव्ह केली. नंतर तीच गाडी मफलर लावून. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, हे कागदावर ठीक आहे. पण वारा त्यांच्या दिशेने होता आणि मापकाचा काटा कागद मानेना. मफलरने मात्र एवढा फरक पडला की घरातल्या काकूंनी विचारलं, "चालू केली का?"

तिथेच तीन गोष्टी लिहून दिल्या. मफलर सक्तीचा, रात्री १० नंतर इंजिन बंद, आणि त्या बाजूला मातीचा बांध. बांधाची माती खोदाईतून निघणार होती, म्हणून तो फुकट पडेल असं समजलो. रोलर आणि डंपर फुकट येत नाहीत.

ही नोंद लांबतेय, पण घाई करू नका. स्ट्रिप बांधता येते, टिकवणं शेजाऱ्यांच्या आणि जमिनीच्या भावाच्या हातात असतं. अमेरिकेत १९५८ पासून चालणारं बँडिमियर आणि ह्यूस्टनची स्ट्रिप ही दोन मोठी ठिकाणं २०२३ या एकाच वर्षात बंद झाली.

दिवस १०४

माती. स्टार्टपासून ३० ते ७५ मीटरच्या पट्ट्यात चिकणमाती निघाली. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नेमकी ती जागा, जिथे गाडी सगळा जोर टाकते. चाचणीसाठी आम्ही तीनच खड्डे घेतले होते आणि तिन्ही या पट्ट्याच्या बाहेर पडले.

पोकलेन लावून दीड मीटर खोल सगळं काढलं, मुरूम भरला, २० सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून दाबला. पहिल्या दोन थरांची दबाई कमी भरली कारण रोलरवाला घाईत होता. परत उकरलं, परत दाबलं. माती आणि भरावाचे १८ भाग २९ वर गेले. दर २५ मीटरला एक खड्डा घ्या. खड्डा स्वस्त असतो.

दिवस १५२

पहिले १०० मीटर काँक्रीट, पुढे डांबर. आज डाव्या लेनचा पहिला ओत.

सकाळी ६ ला सुरू करायचं होतं. मिक्सर गाड्या ८ ला आल्या. पाचवी आणि सहावी गाडी यांच्यात ७० मिनिटं गेली आणि तोवर आधीचा माल धरायला लागला होता. मेस्त्री म्हणाला, "साहेब, इथे पट्टी लावून सांधा घेऊ आणि आज थांबू." मी म्हणालो, चालू दे. मेस्त्री बरोबर होता.

संध्याकाळी दुसरी चूक. काँक्रीट आकसताना कुठेतरी तडकणारच, म्हणून ते कुठे तडकावं हे आपण ठरवायचं असतं. ठरावीक अंतरावर कटरने खाच पाडायची, तीही काही तासांत, माल कापता येण्याइतका कडक झाला की लगेच. कटरचं ब्लेड तिसऱ्या खाचेला गेलं. दुसरं ब्लेड नव्हतं. सकाळी आणलं तोवर चौथ्या आणि पाचव्या पॅनेलमध्ये तिरकी भेग, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, केसाएवढी. बोटाने चाचपून बघितली, लागत होती.

दिवस १६६

३ मीटरची सरळपट्टी घेऊन गुडघ्यांवर सगळी लेन तपासली. बहुतेक ठिकाणी पट्टीखाली २ मिलिमीटरचं गेज जेमतेम जातं. ज्या सांध्यावर ७० मिनिटं गेली होती तिथे ६ मिलिमीटर. स्टार्टपासून सुमारे १३ मीटरवर.

६ मिलिमीटर म्हणजे किती, तर साध्या रस्त्यावर कोणाला कळणारही नाही. पण इथे त्या क्षणी गाडीचं नाक वर उचललेलं असतं, मागची चाकं जमिनीला घट्ट चिकटून ढकलत असतात. तिथे चाक क्षणभर हलकं झालं की पकड सुटते, आणि सुटलेली पकड त्या वेगात सरळ रेषेत परत मिळत नाही.

उंचवटा हिऱ्याच्या पात्यांच्या ग्राइंडरने घासायचा, भेगाळलेले दोन पॅनेल फोडायचे. मी भेगेत इपॉक्सी भरू म्हणत होतो. अण्णा एवढंच म्हणाले, "भर. मग मी येत नाही." फोडले. नवीन काँक्रीटला परत २८ दिवस.

दिवस २१८

डांबर झालं. एकदाच झालं, एका दिवसात, एका दमात. काहीही बिघडलं नाही. अण्णांचं काम होतं ते. काँक्रीट संपतं आणि डांबर सुरू होतं तिथला जोड त्यांनी स्वतः उभं राहून दाबून घेतला.

दिवस २४३

आठ महिने झाले. आज उद्घाटन होणार होतं. भिंतीचे साचे लागले आहेत, अर्ध्या बाजूला.

दिवस २६७

दोन्ही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंती पूर्ण, मीटरभर उंच. फार सुंदर दिसत होत्या. रात्री पाऊस झाला.

सकाळी जाऊन बघतो तर पूर्वेच्या भिंतीलगत पाणी साठलेलं, स्टार्टपासून पार २०० मीटरपर्यंत. दोन्ही लेनना पूर्वेकडे हलका उतार दिला होता, पाणी वाहून जावं म्हणून. ते वाहून भिंतीपर्यंत गेलं आणि भिंतीत खाली एकही भोक नव्हतं. उताराची रेषा अण्णांनी काढली, भिंतीचं चित्र मी काढलं, आणि दोन्ही कागद आम्ही कधी एकमेकांवर ठेवून पाहिले नाहीत. भिंतीलगतच्या त्या कालव्यात एक बेडूक होता. धाकट्याने त्याचा फोटो काढला आणि "पहिला स्पर्धक" म्हणून सगळ्यांना पाठवला.

आता भिंतीच्या तळाशी दर ५ मीटरला कोअर कटरने भोक, बाहेर गटार. ओतताना पाइपाचे तुकडे साच्यात ठेवले असते तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. पाण्याच्या निचऱ्याचे ३ भाग ८ झाले.

दिवस २९२

विम्याचा तपासनीस आला. दोन तास फिरला, स्टार्टच्या बाजूला फिरकलाही नाही. सगळा वेळ रेषेच्या पुढे.

पहिली हरकत: गाड्यांना बाहेर पडायला भिंतीत जी फट ठेवली होती ती ३३० मीटरवर. तिथे गाडी अजून वेगात असते, आणि फटीच्या पलीकडे भिंतीचं बोथट टोक सरळ गाडीच्या तोंडासमोर येतं. आम्ही ती फट पिट, म्हणजे गाड्या उभ्या करायची जागा, जवळ पडावा म्हणून तिथे ठेवली होती. बुजवली. नवीन फट ६०० मीटरवर, टोक बाहेर वळवलेलं आणि त्याच्यापुढे बांधलेल्या टायरांची रास.

दुसरी हरकत: वाळूचा सापळा. आम्ही क्रशरची बारीक खडी आणि भुकटी टाकली होती कारण ती हाताशी होती. तपासनीसाने बुटाची टाच मारली. टाच रुतली नाही. कोनाकोनाची खडी एकमेकीत अडकते, पावसाने बसते आणि रस्ता होऊन जाते, मग गाडी तिच्यावरून नुसती घसरते. गोल, गुळगुळीत गोटी हवी, चाक आत बुडेल अशी. सगळं उपसलं.

तिसरी: रुग्णवाहिका एक आहे, ती जखमीला घेऊन गेली तर? आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर असं की तोवर शर्यत बंद. नाहीतर दुसरी ठेवा. दुसरी ठेवली.

विमा, परवानग्या आणि मोजणी मिळून ५ भाग धरले होते, १२ गेले. चिडचिड झाली, पण त्या माणसाने दाखवलेली एकही गोष्ट चुकीची नव्हती.

दिवस ३२०

टायमिंग. हा भाग धाकट्याचा, मी केबल ओढायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टार्टला प्रत्येक लेनमध्ये आडवे प्रकाशकिरण असतात. प्री-स्टेज आणि स्टेज यांच्यात फक्त ७ इंच. पुढचं चाक स्टेजचा किरण सोडतं तेव्हा गाडीचं घड्याळ सुरू होतं, दिवा हिरवा झाला तेव्हा नव्हे. म्हणून उशिरा निघालेल्या गाडीचा ईटी, म्हणजे या घड्याळाने मोजलेला वेळ, चांगला येऊ शकतो आणि तरी ती हरते. पहिल्याच दिवशी यावरून वाद होणार हे धरून चाला, फलक आधीच रंगवून ठेवा. पुढे ६० फुटांवर एक किरण, मध्ये ३३० फुटांवर एक, आणि शेवटच्या ६६ फुटांत वेग मोजला जातो. मधला ट्री, म्हणजे दिव्यांचा खांब, १९६३ मध्ये आला. त्याआधी एक माणूस झेंडा घेऊन उभा राहायचा. केबल ओढून पाठ धरली तेव्हा मला तो माणूस फार शहाणा वाटला.

आज झालेली चूक: स्टार्टचे किरण थोडे उंच बसवले. खाली वाकलेला पुढचा बंपर असलेली गाडी चाकाऐवजी बंपरने किरण अडवत होती, म्हणजे घड्याळ उशिरा सुरू, ईटी फुकटात कमी. किरण खाली घेतले, आणि स्टेजच्या पुढे सुमारे १३ इंचांवर गार्ड बीम, म्हणजे असा फुकटचा फायदा रोखणारा जादा किरण, लावायचा राहिला होता तो लावला.

दिवस ३३१

चार दिवस एका भुतामागे गेले.

उजव्या लेनमध्ये संध्याकाळी ५ नंतर वेडेवाकडे आकडे. जी गाडी दुपारी सलग तीनदा ९.४ सेकंदांनी गेली तिला मशीन ६.१ देतं. डावी लेन ठणठणीत. पहिला संशय केबलवर. केबल बदलली. मग कनेक्टर. मग अर्थिंग. मग धाकट्याने दोन रात्री सॉफ्टवेअर उलटंपालटं केलं.

काल संध्याकाळी मी रेषेपाशी नुसता उभा होतो. वेडे आकडे येत होते. सूर्य पश्चिमेच्या भिंतीमागे गेला आणि दोन मिनिटांत सगळं बरोबर यायला लागलं. कोणी कशाला हात लावला नव्हता.

उजव्या लेनचा रिसीव्हर पूर्वेच्या भिंतीला आहे, तोंड पश्चिमेला. उतरत्या सूर्याचा झोत सरळ त्याच्या डोळ्यात, मग त्याला आपला किरण दिसेना आणि तो समजायचा की गाडी गेली. चालकाच्या डोळ्यांवर सूर्य येऊ नये म्हणून स्ट्रिप दक्षिणोत्तर घेतली, तो आमच्या यंत्राच्या डोळ्यांवर आला. रिसीव्हर मधल्या ठोकळ्यावर आणला, भिंतीवर एमिटर, म्हणजे किरण सोडणारा भाग, टाकला, आणि पुढे वीतभर काळी नळी लावली. पाऊण तासाचं काम.

दिवस ३५५

पृष्ठभाग तयार करणं, म्हणजे प्रेप. अंदाजपत्रकात याला एक भागही नव्हता. फवारणीचं यंत्र, ट्रॅक्टर, टायर घासायची जोडणी, ग्लू, मिथेनॉल, सगळं मिळून ६.

काँक्रीट नुसतं असलं की गाडी जागेवर फिरते. आधी त्यावर रबराचा थर चढवावा लागतो. जुने टायर वजन ठेवून ट्रॅक्टरमागे ओढायचे, तास न् तास. मग ट्रॅक्शन कंपाउंड, ज्याला सगळे ग्लूच म्हणतात, मिथेनॉलमध्ये पातळ करून फवारायचं, वाळू द्यायचं, परत ओढायचं.

मी पहिल्या दिवशी पातळ करताना हात आखडता घेतला. दाट ग्लू म्हणजे जास्त पकड, असा माझा तर्क. एक तासाने मध्ये चालत गेलो आणि उजवा बूट तिथेच राहिला, मी मोज्यावर पुढे. तोवर वारा सुटला होता. सगळी धूळ त्या थरात बसली आणि त्याचा सँडपेपर झाला. खरवडायला पाच माणसं आणि तीन दिवस.

मिथेनॉलबद्दल गंभीरपणे: दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. मिसळायची जागा वेगळी, जवळ कोणी नाही, पाण्याचा पाइप भरलेला आणि उघडा. आग आणि बचावाच्या सामानाचे ४ भाग ९ वर जाण्यात या एका पिंपाचा मोठा वाटा आहे.

दिवस ३७०

दुसरा प्रयत्न. पातळ मिश्रण, दोन हलके थर. पहिले १८ मीटर उत्तम. म्हणजे ६० फुटांच्या किरणापर्यंतच. आम्ही ग्लू तिथे थांबवला होता, आणि ओळखीची एक जोरदार गाडी नेमकी तिथे, प्रेप संपतं त्या रेषेवर, मागून हलली. चालकाने लगेच पाय काढला म्हणून निभावलं. आता सगळ्या काँक्रीटवर फवारतो, पुढे जात पातळ करत. अचानक संपणारी पकड ही कमी पकडीपेक्षा वाईट.

दुपारी काँक्रीट ५८ अंशांवर गेलं आणि तोच थर लोण्यासारखा झाला. तापमापकाची बंदूक आता कायम खिशात.

दिवस ३९३

आपल्याच लोकांची बंद चाचणी. डाव्या लेनचा तो १३ मीटरचा सांधा आता कोणालाच जाणवला नाही. दोघांना मुद्दाम न सांगता पळवलं. नाही जाणवला.

पण चार तासांत फक्त ४१ फेऱ्या. कारण अगदी साधं आहे आणि लिहायला लाज वाटते: परत यायला रस्ता नाही. जमिनीच्या बाजूने मातीची वाट होती, तिच्यावरून जमिनीलगत बसवलेल्या गाड्या येईनात. मग त्या स्ट्रिपवरूनच उलट्या येत, आणि तोवर पुढची जोडी थांबून. शिवाय येताना चाकांची माती ग्लूवर. परतीचा रस्ता, पार्किंग आणि स्वच्छतागृहं यांना मिळून ५ भाग धरले होते. ११ झाले.

दिवस ४३३

परतीचा रस्ता झाला. हिशोब मिटवला: १०० चे १४८. माती २९, काँक्रीट-डांबर ४१ (फोडलेलं धरून), भिंती १६, टायमिंग ९, निचरा ८, वीज आणि दिवे ७, आग-बचाव ९, विमा-परवानग्या १२, परतीचा रस्ता वगैरे ११, प्रेप ६. अंदाजात बसलेली एकच गोष्ट म्हणजे दिवे. धाकट्याने विचारलं की अडीअडचणीचे ते २ भाग कुठे गेले. अण्णा म्हणाले, बेडकाच्या खात्यावर टाक.

दिवस ४४८

पहिली खुली संध्याकाळ. स्पर्धा नाही, फक्त सराव. एका संध्याकाळचा खर्च, म्हणजे दोन रुग्णवाहिका, विमा, ग्लू, डिझेल, माणसं, हा ५८ गाड्यांच्या प्रवेश फीइतका येतो. आल्या ३७. सात माणसांत भागेल असं वाटलं होतं, अठराही पुरले नाहीत.

आठव्या जोडीत ऑइल-डाउन. उजव्या लेनच्या जुन्या गाडीने ६० फुटांपासून तेल सोडलं आणि चालकाला पत्ताच नाही, तो सरळ लेनच्या मधून शेवटपर्यंत गेला. शोषक पावडर, झाडणं, खरवडणं, धुणं, परत ग्लू. ५५ मिनिटं. या वेळात ११ गाड्या निघून गेल्या. आता तपासणीत प्रत्येक गाडी पाच मिनिटं चालू ठेवून खाली पुठ्ठा सरकवतो, आणि ६० फुटांवर लाल बॅटरी घेऊन एक माणूस उभा असतो. चालकांना सांगून ठेवलंय: शंका आली की भिंतीकडे घ्या, मध्ये राहू नका.

काकू आल्या होत्या, कुंपणापाशी उभ्या. साडेनऊला त्यांनी घड्याळ दाखवलं. मी मान हलवली. नऊ पन्नासला शेवटची जोडी सोडली.

दिवस ४५५

दुसरी संध्याकाळ. ४४ गाड्या, तेल नाही. सव्वाआठनंतर मात्र एकापाठोपाठ तीन गाड्या स्टार्टलाच फिरल्या. ग्लू ठीक, काँक्रीट थंड. हात टेकवला तर तळवा ओलसर. दव पडायला लागलं होतं. दवबिंदूवर नजर ठेवायची हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या दोन अंश जवळ आलं की थांबायचं असं आता ठरवलं, आणि आज थांबलो. १३ जणांना अर्धी फी परत दिली. दोघांनी घेतली नाही.

उद्याची कामं: आर्द्रतामापक ट्रीजवळ लावणे. डाव्या लेनचा ३३० फुटांचा किरण गवताने अडतोय, कापणे. पूर्वेच्या भिंतीची १४ ते १९ क्रमांकाची भोकं गाळाने बुजली आहेत, साफ करणे.